बोबडं, तोतरं आणि बाकीचं: वाचा-उपचाराच्या पदवीत नेमकं काय शिकावं लागतं

पहिल्या सत्रात आम्हाला एका मिनिटाचं रेकॉर्डिंग दिलं होतं. चार वर्षांचा एक मुलगा चित्राकडे बघून काहीतरी सांगतोय. तो जे बोलतो ते ध्वनिलिपीत उतरवून आणायचं, एवढंच काम. मिनिटभराचं बोलणं, पंधरा मिनिटांत उरकेल असं वाटलं. रात्री साडेदहा वाजता मी अजून हेडफोन लावून बसले होते.

आणि एवढं करूनही चुकलंच. मी लिहिलं होतं, "ताता गाडी घेऊन गेले." काकाचा ताता झालाय हे कळलं, त्यावर मी खूशही होते. मॅडमनी वही परत दिली आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. चौथ्यांदा ऐकल्यावर मला ऐकू आलं: "ताता दाडी धेऊन देले." मॅडम म्हणाल्या, "ताता सोडलं तर बाकी सगळं तू त्याला काय म्हणायचं होतं ते लिहिलंस. तो काय म्हणाला ते लिहून आण."

या पदवीची अर्धी मेहनत त्या एका सूचनेत आहे असं मला आजही वाटतं. आपला कान अर्थाच्या मागे धावतो. समोरच्याने एखादं अक्षर गाळलं, बदललं, तरी मेंदू ते दुरुस्त करून घेतो आणि दुरुस्ती केल्याचं आपल्याला कळूही देत नाही. रोजच्या जगण्यात हे फार सोयीचं आहे. ज्याला बोलण्यातला बिघाड शोधायचाय त्याच्या मात्र ही सोय आडवी येते. त्यामुळे पहिलं वर्षभर ही सवय मोडण्यात जातं, आणि पुढची वर्षं मोडलेल्या कानाने माणसांशी पुन्हा नीट बोलायला शिकण्यात जातात.

नाव एक, काम पाच-सहा प्रकारचं

मराठीत आपण बोबडं, तोतरं, अडखळतं असं सगळं एकाच टोपलीत टाकतो. या अभ्यासात पहिल्याच महिन्यात ती टोपली रिकामी करावी लागते. बोबड्या बोलण्यात आवाज बदलतात किंवा गळतात. तोतरेपणात आवाज बरोबर असतात, प्रवाह अडतो. घोगरा किंवा बसका आवाज हा गळ्यातल्या स्वरतंतूंचा विषय. शब्द सापडत नाही, वाक्य जुळत नाही, दुसऱ्याचं बोलणं उलगडत नाही, ही भाषेची अडचण. आणि गिळता न येणं हा आणखी वेगळाच प्रकार, त्याच्याकडे पुढे येते. प्रत्येकाचा पेपर वेगळा, तपासणी वेगळी, उपचार वेगळे.

विषयाचं नावही देशागणिक बदलतं. ऑस्ट्रेलियात स्पीच पॅथॉलॉजी, ब्रिटनमध्ये स्पीच अँड लँग्वेज थेरपी, अमेरिकेत स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. भारतात पहिली पदवी ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणशास्त्राशी जोडून दिली जाते; चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात पहिल्या पदवीवर काम करता येतं, अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करायचं तर साधारणपणे मास्टर्स लागतं. नाव काहीही असो, आतला अभ्यास बराचसा सारखाच असतो, कारण घसा, जीभ आणि मेंदू सगळीकडे तेच.

ऐकलेलं जसंच्या तसं कागदावर

ध्वनिशास्त्र हा पहिला मोठा पेपर. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, वर्गातल्या भाषेत आयपीए, ही 1886 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या भाषाशिक्षकांच्या संस्थेने घडवली. एका आवाजाला एकच खूण, एका खुणेचा एकच आवाज, हा तिचा नियम. मराठी माणसाला वाटतं, आपली देवनागरी तशीच आहे की! मग "सारं जग" आणि "जगा आणि जगू द्या" हे दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या ज ला जीभ टाळूला टेकते, दुसऱ्याला दातांच्या मागे. "चार" आणि "चारा" यांतही तोच फरक. लिहिताना अक्षर एकच, आवाज दोन. मराठी मुलाची तपासणी करताना हा फरक कानाने धरता आला नाही, तर मुलगा चुकतोय की आपण, हेच कळणार नाही.

आता "ताता दाडी धेऊन देले" कडे परत येऊ. क चा त झाला, ग चा द, घ चा ध. नीट बघितलं तर मुलाने वाटेल तसं बदललेलं नाही. घशाजवळ, जिभेच्या मागच्या भागाने करायचे आवाज त्याने पुढे, दातांजवळ आणलेत. पण घोष आवाज, म्हणजे गळ्यातले स्वरतंतू थरथरवत काढायचा आवाज, घोषच राहिला आणि घ मधला हकार ध मध्येही टिकून आहे. म्हणजे त्याच्या डोक्यात एक नियम चालू आहे, आणि तो नियम तो इमानाने पाळतोय. अगदी लहान वयात बरीच मुलं हे करतात आणि आपोआप सोडूनही देतात. प्रश्न एवढाच, की या वयात ते अजून चालू राहावं का.

हे कळलं की उपचाराची दिशाच बदलते. प्रत्येक शब्द वेगळा दुरुस्त करत बसायची गरज उरत नाही. मुलासमोर दोन चित्रं ठेवतात, एक कारचं, एक तारेचं. त्याने कार मागायची. "तार" म्हणाला की त्याच्या हातात तार पडते. कार हवी असते, हातात तार येते. आपल्या एका आवाजाने अर्थ बदलतो, हे त्याला आपण न सांगता कळतं. काप आणि ताप, कळ आणि तळ, अशा जोड्या गोळा करण्यात आमच्या वर्गाच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. आजही रस्त्यावरच्या पाट्या वाचताना माझ्या डोक्यात अशा जोड्या लागत जातात. ही खोड जात नाही.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. मुलाला विचारलं, "हे ताता आहेत का?" तर तो चिडतो. "नाही! ताता!" त्याच्या कानाला फरक कळतो, तोंडातून निघत नाही. मुलांच्या भाषेचे अभ्यासक जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी 1960 मध्ये फिशला फिस म्हणणाऱ्या मुलाचा असाच प्रसंग नोंदवला, म्हणून पुस्तकांत याला "फिस" चा प्रसंग म्हणतात. "नीट बोल, काका म्हण, काका!" असं दिवसातून वीस वेळा बजावून काही का होत नाही, त्याचं उत्तर यात आहे. त्याच्या मते तो काकाच म्हणतोय.

शरीररचना: नसांचा लांबचा रस्ता

शरीररचनेच्या पेपरची सगळ्यांना धास्ती असते. पाठांतर भरपूर आहे हे खरं. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या, त्यातल्या साधारण अर्ध्या बोलण्याशी किंवा गिळण्याशी संबंधित. पण हा पेपर पाठ करणाऱ्यापेक्षा रस्ते शोधणाऱ्याला जास्त आवडतो.

एक उदाहरण. जीभ बाहेर काढायला सांगितली आणि ती डावीकडे वळली, तर दुबळी बाजू कोणती? पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणतो उजवी, कारण डावीकडे ओढली गेली ना. प्रत्यक्षात जिभेचे स्नायू तिला बाहेर ढकलतात. उजवीकडचा धडधाकट स्नायू ढकलतोय, डावीकडून प्रतिकार नाही, म्हणून जीभ डावीकडे कलंडते. जीभ वळते ती दुबळ्या बाजूकडे. एकदा ढकलणं डोळ्यांसमोर आलं की पाठ करायची गरजच नाही.

दुसरं उदाहरण माझ्या खास आवडीचं. स्वरतंतू हलवणारी डावी नस मानेतून सरळ स्वरयंत्राकडे जात नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग पुन्हा वर येते. त्यामुळे आवाज बसण्याचं कारण कधीकधी गळ्यात नसतंच, छातीत असतं. म्हणून नियम असा, की आवाज आठवड्यांमागून आठवडे घोगरा राहिला तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने स्वरतंतू डोळ्यांनी पाहायचे, आवाजाचे व्यायाम नंतर. हा नियम पाठ असणं वेगळं आणि त्या नसेचा वळसा माहीत असणं वेगळं. वळसा माहीत असलेला माणूस नियम मोडत नाही.

हे स्वरतंतू पहिल्यांदा जिवंत माणसात नीट पाहिले ते एका गाण्याच्या शिक्षकाने. मानुएल गार्सिया नावाचा हा स्पॅनिश गायनगुरू. 1854 मध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू उघडझाप करताना पाहिले. बोलताना हे तंतू मोठ्या पुरुषात सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा आणि स्त्रीत 200 च्या आसपास एकमेकांवर आपटतात. शिक्षक, गायक, विक्रेते, दिवसभर बोलणारी माणसं आवाजाच्या तक्रारी घेऊन वारंवार का येतात, हे त्या आकड्याला दिवसाच्या तासांनी गुणलं की कळतं.

मेंदू: शब्द हरवणं आणि शब्द न निघणं

1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. तो "तान" या एकाच अक्षराशिवाय जवळजवळ काहीही बोलू शकत नव्हता, ऐकलेलं मात्र त्याला बरंच समजत होतं. काही दिवसांत तो वारला. ब्रोकाने मेंदू तपासला, तर डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड सापडला. 1874 मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलट चित्र मांडलं: माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचंही नीट समजत नाही. यात बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला, पण मागच्या भागात. आज हे चित्र इतकं सोपं राहिलेलं नाही. मेंदूतली भाषा दोन ठिपक्यांत मावत नाही, जाळ्यासारखी पसरलेली असते. तरी अभ्यासाची सुरुवात अजून या दोघांपासूनच होते.

पक्षाघातानंतर भाषा जाते त्याला वाचाघात म्हणतात. नातेवाईक हटकून करतात ती गोष्ट म्हणजे "बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा" म्हणत कागद पुढे करणं. वाचाघातात बिघाड भाषेचाच असतो, त्यामुळे लिहिणं-वाचणंही बहुधा त्यात सापडतं. कोरा कागद त्या माणसाला आणखी हतबल करतो. त्याऐवजी दोन चित्रं, हो-नाहीचे प्रश्न, हातवारे यांचा उपयोग होतो.

कधीकधी असंही दिसतं: चार बोटं दाखवून "किती?" विचारलं तर माणूस गप्प. पण एकपासून मोजायला लावलं तर एक, दोन, तीन, चार, पाच धाडधाड येतात. सवयीचं बोलणं आणि विचारून काढलेला शब्द यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या असतात. हे पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहताना अंगावर काटा येतो. नातेवाइकांना मात्र ते नाटक वाटतं: "मघाशी तर बोलले!" ही समजूत काढणं हाही उपचाराचा भाग.

आता सूक्ष्म फरक. भाषा शाबूत आहे, पण जीभ-ओठांचे स्नायू दुबळे किंवा कडक झालेत, ही एक गोष्ट. स्नायू चांगले आहेत, पण कोणत्या क्रमाने हलायचं ती आखणीच मेंदूकडून नीट येत नाही, ही दुसरी. ऐकणाऱ्याला दोन्ही "अस्पष्ट बोलणं" वाटतं. मग "प-त-क, प-त-क, प-त-क" असं भरभर म्हणायला सांगतात. स्नायू दुबळे असतील तर बोलणं संथ, ओढलेलं येतं, पण चूक प्रत्येक वेळी बरीचशी तीच. आखणी बिघडली असेल तर एकदा प-त-क, मग प-क-त, मग त-त... थांबणं, तोंडाने चाचपडणं, पुन्हा सुरुवात. तीन अक्षरं आणि अर्धं मिनिट, त्यात एवढं कळतं. ते कळायला कान मात्र तयार लागतो.

भाषेचा पेपर आणि मराठीची पंचाईत

मूल साधारण वर्षाचं होताना पहिला शब्द बोलतं, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन शब्द जोडायला लागतं. हे बहुतेक भाषांत सारखं दिसतं. त्यापुढे प्रत्येक भाषेची वाट वेगळी होते.

जीन बर्को यांनी 1958 मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक बनावट नाव दिलं आणि मग दोन प्राणी दाखवून "आता हे काय?" विचारलं. मुलांनी त्या न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. मराठीत हा खेळ करून बघा. "हा एक ढमा. आता हे दोन...?" मूल म्हणेल "ढमे". "ही एक लुंबी. या दोन...?" "लुंब्या". हे शब्द कोणीच त्याला शिकवलेले नाहीत. त्याने आकारान्ताचा आणि ईकारान्ताचा नियम आपला आपण उचललेला आहे. ज्या मुलाला हे जमत नाही, तिथे आपण थांबून बघतो.

बोलण्याची लांबी मोजायची एक जुनी रीत आहे. मुलाची साधारण 100 वाक्यं जशीच्या तशी लिहायची, प्रत्येक वाक्यातले अर्थपूर्ण तुकडे मोजायचे, सरासरी काढायची. रॉजर ब्राउन यांच्या 1973 च्या कामानंतर ती फार रूढ झाली. पण त्यांचं काम इंग्रजी मुलांवरचं. मराठीत "झाडांवरून" या एकाच शब्दात झाड, अनेकवचन, वरून असे तुकडे बसलेत. "आली" मध्ये येणं, भूतकाळ, स्त्रीलिंग, एकवचन एकत्र आहेत. हे किती तुकडे मोजायचे? वर्गात यावर भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत. इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर केलं आणि इंग्रजी मुलांचे आकडे मराठी मुलांना लावले, तर धडधाकट मूलही मागे पडलेलं दिसेल. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलाला फक्त शाळेच्या भाषेत तपासणं ही तर सरळसरळ चूक. खरा भाषिक बिघाड असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. दोन भाषा बोलल्याने बिघाड होत नाही. तरीही "घरी एकच भाषा बोला" हा सल्ला पालकांना अजून ऐकावा लागतो, आणि ऐकताना माझं डोकं तापतं.

गिळणं: ज्याची कोणी कल्पना केलेली नसते

प्रवेश घेणाऱ्यातल्या बहुतेकांना वाटतं आपण मुलांना बोलायला शिकवणार. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गिळण्याचा पेपर येतो, आणि रुग्णालयात काम करणाऱ्यांचा बराचसा दिवस यातच जातो.

कारण साधं आहे. घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता काही अंतर एकच असतो. घास मागे गेला की जेमतेम एका सेकंदात पडदे बंद होतात, स्वरयंत्र वर-पुढे उचललं जातं, श्वास थांबतो, अन्ननलिकेचं दार उघडतं. बोलण्याचेच स्नायू, बोलण्याच्याच नसा. क्रम हुकला तर घास किंवा पाणी श्वासनलिकेकडे. आपल्याला ठसका लागतो. पक्षाघातानंतर काहींना ठसकाच लागत नाही, अन्न गुपचूप आत जातं आणि छातीत जंतुसंसर्ग होतो. म्हणून "ठसका नाही, म्हणजे सगळं ठीक" हे वाक्य या अभ्यासात पहिल्याच तासाला खोडलं जातं. शंका असेल तर बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली गिळतानाची हलती चित्रं पाहतात.

काहींना घट्ट केलेलं पाणी द्यावं लागतं. किती घट्ट, याची 0 ते 7 अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. खालच्या पातळ्या द्रवांच्या, वरच्या अन्नाच्या. तपासायची रीत इतकी साधी, की पहिल्यांदा ऐकून हसू येतं. ठरावीक मापाची 10 मिलीची सिरिंज भरायची, टोकावरचं बोट 10 सेकंद काढायचं, आत किती उरलं ते बघायचं. 1 ते 4 मिली उरलं तर पहिली पातळी, 4 ते 8 तर दुसरी, त्याहून जास्त तर तिसरी. थेंबही पडला नाही तर चौथी.

प्रात्यक्षिकात आम्हा प्रत्येकाला अशा घट्ट पाण्याचा पेला दिला आणि संपवायला सांगितला. अर्ध्यावर माझा हात थांबला. तहान लागलेली, समोर पाणी, आणि घोट घशाखाली जाता जात नाही. घट्ट पाणी दिलेली माणसं एकूणच कमी पितात, शरीरातलं पाणी कमी पडतं, हे नंतर पुस्तकात वाचलं. तोवर ते पटलेलं होतं. "पाणी घट्ट करून द्या" असं लिहिताना माझं पेन तेव्हापासून क्षणभर थांबतं.

अडखळणं, आणि एक काळं पान

मोठ्या माणसांत तोतरेपणाचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास, पुरुषांत स्त्रियांपेक्षा बरंच जास्त. लहानपणी याहून अधिक मुलं काही काळ अडखळतात, त्यातल्या बहुतेकांचं थांबतं. मूळ बरंचसं मेंदूच्या घडणीत आणि आनुवंशिकतेत आहे. घाबरट स्वभाव किंवा घरच्यांचं ओरडणं हे कारण नव्हे, जरी ताणाने अडखळणं वाढत असलं तरी.

अनेक विद्यापीठांत यासाठी एक गृहपाठ असतो: बाहेर जायचं आणि अनोळखी माणसाशी मुद्दाम अडखळत बोलायचं. मी पत्ता विचारायला गेले. "म-म-म" वर अडकले, खोटंखोटं, तरी तळहाताला घाम आला. समोरच्या बाईंनी प्रेमाने माझा शब्द पूर्ण केला, तोही चुकीचा. त्यांचा हेतू चांगला होता. मला मात्र त्या क्षणी गप्प बसून निघून जावंसं वाटलं. मी दोन मिनिटांनी पुन्हा सरळ बोलू शकत होते, हा फरक विसरायचा नाही, असं नंतरच्या चर्चेत बजावलं गेलं.

नीतिशास्त्राच्या तासाला 1939 ची गोष्ट येतेच. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, स्वतः तोतरे असलेल्या वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने 22 अनाथ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना "तू अडखळतोस, सांभाळून बोल" असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. मुलं बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठाने 2001 मध्ये माफी मागितली. या क्षेत्राच्या पायाभरणीत याच विद्यापीठाचा मोठा वाटा आहे, म्हणून ही गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही.

क्लिनिक

बाकीच्या विषयांची नावं घेऊन पुढे जाते: श्रवणचाचणी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, दुभंगलेली टाळू, स्वमग्नता, बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रपाट्या आणि बोलकी यंत्रं. श्रवणचाचणीबद्दल एकच वाक्य: बोलण्याची कोणतीही तक्रार आली की आधी ऐकू येतंय का ते तपासायचं, अपवाद नाही.

यापुढचं शिक्षण तासांवर मोजलं जातं. अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी देखरेखीखालचे 400 तास लागतात, त्यातले 25 नुसत्या निरीक्षणाचे. इतर देशांचे नियम वेगळे, पण पर्यवेक्षकाशिवाय कोणीच रुग्णाला हात लावत नाही.

एका मुलाबरोबरचं माझं पहिलं उपचार-सत्र मला वाटलं फार छान झालं. खेळणी, चित्रं, उत्साह. पर्यवेक्षक मॅडमनी रेकॉर्डिंग हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुझी वाक्यं मोज. मग त्याची मोज." माझी दोनशेच्या वर होती. मुलाची एकोणीस. "हे काय आहे? बॉल आहे ना? कोणता रंग? लाल आहे ना?" मी प्रश्न विचारत होते आणि उत्तरही मीच देत होते. पुढच्या सत्राला एकच काम दिलं गेलं: प्रश्न विचारला की मनात दहा मोजायचे. सहापर्यंत शांतता असह्य होते. सात-आठला मुलगा बोलला.

अहवाल लिहिणं हाही असाच धडा. "मुलाने सहकार्य केलं नाही" असं लिहिलं की लाल रेघ. त्याने काय केलं ते लिहा: तीन चित्रं पाहिली, चौथ्याला टेबलाखाली गेला. उद्दिष्टसुद्धा "बोलणं सुधारेल" असं चालत नाही. "चित्र पाहून शब्दाच्या सुरुवातीचा क, 10 पैकी 8 वेळा, मदतीशिवाय" असं हवं. सत्रभर एका हाताने खेळायचं आणि दुसऱ्या हाताने बरोबर-चूक खुणा करत जायचं. पहिले दोन महिने माझ्या खुणा मलाच वाचता येत नसत.

प्रवेशासाठी सहसा बारावी विज्ञान लागतं, जीवशास्त्र असेल तर सोपं जातं. ठिकाणागणिक अटी बदलतात. पण ही पदवी आपल्याला झेपेल का, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. घरातल्या कोणाचंही, परवानगी घेऊन, एक मिनिटाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. लहान मूल असायला हवं असं काही नाही. मग ते कागदावर उतरवा, जसंच्या तसं: प्रत्येक "अं", अर्धा सोडलेला शब्द, गिळलेलं अक्षर, श्वासाची जागा. व्याकरण सुधारू नका. तिसऱ्यांदा ऐकताना वैताग येईल, तो सगळ्यांनाच येतो. सहाव्या-सातव्या वेळी आधी न ऐकलेलं काहीतरी सापडलं, आणि ते नक्की तसंच आहे ना हे बघायला तुमचं बोट आपोआप रेकॉर्डिंग मागे न्यायला गेलं, तर प्रवेशाचा अर्ज भरायला हरकत नाही.